ब्रीदरचं तोंड कुणीकडे?

ट्रकला धूर सोडायच्या दोन जागा असतात. पहिली सायलेन्सरची. तिच्याबद्दल स्वतःचं मत नसलेला माणूस महाराष्ट्रात सापडणं कठीण. मागचा दुचाकीवाला तिच्याकडे बघून रुमाल बांधतो, नाक्यावरचा हवालदार तिच्याकडे बघून शिट्टी वाजवतो आणि पीयूसीवाला तिच्यात नळी घालून कागद काढतो. दुसरी जागा इंजिनाच्या डोक्याकडून निघते, चेसीच्या कडेकडेने, कुणाच्या अध्यात ना मध्यात अशी खाली उतरते आणि रस्त्याच्या हातभर वर उघडी सुटते. अंगठ्याएवढी जाड, काळी, चिकट रबरी नळी. तिला ब्रीदर म्हणतात. तिची चौकशी कोणी करत नाही. गाडी रात्रभर उभी राहिली की खाली थाळीएवढा काळा डाग पडतो, तेवढीच तिची सही.

पीयूसी केंद्रावर हा पंक्तिप्रपंच फार छान दिसतो. जुना ट्रक न्यूट्रलमध्ये उभा करतात. ड्रायव्हर ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबतो, इंजिन बोंबलतं, सायलेन्सरमधल्या नळीतून धूर मीटरमध्ये जातो आणि पडद्यावर आकडा चढू लागतो. जुन्या डिझेल गाडीला हार्ट्रिजच्या मापावर ६५ पर्यंत माफी आहे. आकडा साठीच्या घरात शिरला की मालकाला कुलदैवत आठवतं. एकसष्टवर थांबला की तो सगळ्यांना चहा सांगतो. या सगळ्या वेळात, मीटरपासून चार हातांवर, ब्रीदर आपलं काम शांतपणे करत असतो. त्याच इंजिनाचा, त्याच मिनिटाचा धूर. पण तो कुठल्याच पडद्यावर येत नाही. एक धूर वहीतला, दुसरा वहीबाहेरचा. मालकाला कागद मिळतो, हवेला दोन्ही मिळतात.

ट्रकांच्या दुनियेत हयात घालवलेल्या माणसांचं बोलणं ऐकलं की एक गोष्ट ध्यानात येते. धूर का निघतो, यावर तिथे कोणी फार वेळ दवडत नाही. सगळी अक्कल, सगळं वेल्डिंग आणि सगळी भांडणं एकाच प्रश्नापाशी येऊन थांबतात: या नळीचं तोंड कुणीकडे करायचं?

आता या नळीतून येतं काय, हे समजायला थोडं इंजिनात उतरावं लागेल. जुने कपडे घाला.

पिस्टन वर जातो, सिलिंडरमधली हवा सतरा-अठरा पटींनी दाबली जाते आणि इतकी तापते की डिझेलचा फवारा पडल्याबरोबर आपोआप पेटतो. ठिणगीबिणगी काही लागत नाही. रुडॉल्फ डिझेल यांनी १८९७ साली जर्मनीतल्या ऑग्सबर्गमध्ये ही करामत नीट चालवून दाखवली. आजच्या टर्बो इंजिनात त्या क्षणी आतला दाब बाहेरच्या हवेच्या शंभर पटींच्याही वर जातो. हा सगळा दाब रोखून धरायची जबाबदारी कुणावर? पिस्टनच्या अंगावर बसवलेल्या दोन-तीन रिंगांवर. आणि रिंग पूर्ण गोल नसते. तापल्यावर फुगायला जागा हवी म्हणून तिला मुद्दाम एक चीर ठेवलेली असते, मिलिमीटरच्या काही दशांशांची. म्हणजे दरवाजा लावला आहे, पण फट ठेवून.

त्या फटीतून थोडा वायू खाली निसटतो आणि क्रँकखालच्या ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतो. त्यात जळालेला धूर असतो, न जळलेलं डिझेल असतं, पाण्याची वाफ असते आणि गरम ऑइलचं धुकं असतं. इंजिनिअर याला ब्लो-बाय म्हणतात, गॅरेजात याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. हे सगळ्याच इंजिनांत असतं. शोरूममधून हार घालून, लिंबू चिरडून निघालेल्या नव्याकोऱ्या ट्रकमध्येही पहिल्या दिवसापासून असतं. रिंगा झिजल्या की वाढतं, एवढंच.

या वायूला वाट दिली नाही तर तो स्वतः करून घेतो. आधी डिपस्टिक उचलते. मग कुठलंतरी पॅकिंग पाझरतं. मग क्रँकचा मागचा सील सुटतो, ऑइल क्लच प्लेटवर येतं आणि घाटात गाडी रेस घेते पण जागची हलत नाही. तेव्हा ब्रीदर असावा की नसावा हा वादच नाही. तो हवाच. वाद आहे तो तोंडाचा.

निगडीचं ट्रान्सपोर्टनगर घ्या, कळंबोली घ्या, सेकंडहँड ट्रकचा सौदा सगळीकडे सारखाच चालतो. शेठ गाडीभोवती फेरी मारतो आणि टायरला लाथ घालतो. त्यातून त्याला काय कळतं हे आजवर उघड झालेलं नाही, पण लाथ घातल्याशिवाय तो पुढे सरकत नाही. मिस्त्री यातलं काही करत नाही. तो इंजिन चालू करायला सांगतो, ऑइल भरायचं झाकण काढतो, उलटं करतो आणि त्याच भोकावर नुसतं ठेवतो. आता सगळ्यांची नजर झाकणावर. झाकण गप्प बसलं तर इंजिन बरं आहे. थरथरलं तर किंमत उतरवायची. उडून खाली पडलं तर चहा पिऊन घरी जायचं.

नेमका याच वेळी विकणाऱ्याला कंठ फुटतो.

"आत्ताच आलीय लांबून. तापलीय गाडी."

मिस्त्री गप्प.

"तशी थंड असताना मारते जरा. तापल्यावर बसतं सगळं."

"म्हणजे आता तापलीय का थंड?" मिस्त्री विचारतो.

"मध्यम आहे."

मिस्त्री तळहात भोकावर धरतो, काढतो, हाताला लागलेलं ऑइल दोन बोटांत चोळतो, वास घेतो आणि चिंधीला हात पुसत, कुणाकडेही न बघता म्हणतो, "रिंगा गेल्यात."

"थोडं मारणारच की ओ मिस्त्री. सोळा वर्षांची गाडी आहे. वय झाल्यावर आपण नाही का…"

या वाक्याचा शेवट सगळ्यांना कळलेला असतो, त्यामुळे ते कुणी पूर्ण करू देत नाही.

शेठ मिस्त्रीला बाजूला घेतो. खर्च किती? "हाफ काम. रिंगा, लायनर, बेअरिंगं, हेड पॅकिंग. आणि उघडल्यावर आत काय निघतंय ते तेव्हाच कळणार." या शेवटच्या वाक्याने भल्याभल्यांचा रक्तदाब चढला आहे. शेठ क्षणभर आकाशाकडे बघतो आणि मग विचारतो, "दुसरं काही होईल का?"

या चार शब्दांच्या आधारावर आपल्याकडचं निम्मं तंत्रज्ञान उभं आहे.

दुसरं म्हणजे काय, तर नळी. रिंगांना हात लावायचा नाही, नळीचं बघायचं. पहिला उपाय नळी लांब करायचा. सिग्नलला गाडी थांबली की जळक्या ऑइलचा वास केबिनमध्ये येतो, म्हणून तिला जोड देऊन मागच्या चाकापर्यंत नेतात. लांब नळीला झोळ पडतो, झोळात वाफेचं पाणी साठतं, पाणी आणि ऑइल घुसळून पांढरट लगदा होतो आणि नळी बसते. दुसरा उपाय बाटलीचा. पाण्याची रिकामी बाटली तारेने बांधायची आणि नळीचं तोंड तिच्यात सोडायचं. डाग पडायचा थांबतो, पण बाटली रिकामी करायचं काम क्लीनरचं, आणि ती भरल्याचं त्याला तेव्हाच कळतं जेव्हा ती सांडलेली असते. तिसरा उपाय नळीत लाकडी खुंटी ठोकायचा. हा उपाय एका गाडीला एकदाच करतात. दुसऱ्यांदा करायला क्लच प्लेट शिल्लक राहत नाही.

चौथा उपाय मात्र कुशाग्र बुद्धीचा. मिस्त्री खाली वाकून बघतो, ब्रीदर बघतो, वीतभर पलीकडे जाणारा सायलेन्सरचा पाईप बघतो आणि त्याच्या चेहऱ्यावर उजेड पडतो. "शेठ, ही नळी सायलेन्सरला जोडून टाकू. एक भोक पाडायचं, तुकडा वेल्ड करायचा, जुबली क्लिप मारायची. धूर धुरात मिळाला, विषय संपला."

शेठला हे फार आवडतं. वास मागे जातो, डाग पडत नाही, रिंगांचा खर्च वाचतो. आणि अमुक एका इंजिनाला एकूण दोन ठिकाणी धूर येतो हे सांगायची पाळी येत नाही, ते वेगळंच.

मिस्त्रीला ठाऊक नसतं की त्याच्या या कल्पनेमागे सातासमुद्रापलीकडची मोठी परंपरा आहे. नळीचं तोंड फिरवण्यात अमेरिकेची दोन-तीन पिढ्यांची हयात गेलेली आहे.

१९६० च्या आधीच्या बहुतेक मोटारींचा ब्रीदर सरळ रस्त्याकडे सोडलेला असे. नळीचं टोक तिरकं कापलेलं. गाडी पळू लागली की खालून वाहणारा वारा त्या तिरक्या तोंडातून आतला वायू ओढून घेई. गाडी थांबली की ओढही थांबे. लाखो गाड्या हेच करत, त्यामुळे तिकडच्या रस्त्यांवर प्रत्येक लेनच्या मधोमध ऑइलचा काळा पट्टा उमटलेला असे. रस्ता सरकारचा, डाग सरकारचा, गाडी आपली. व्यवस्था सगळ्यांना पसंत होती.

मग लॉस एंजेलिसच्या लोकांचे डोळे चुरचुरायला लागले. याचं मूळ शोधलं ते आरी हागेन-स्मिट या नेदरलँड्समध्ये जन्मलेल्या रसायनशास्त्रज्ञाने. हे गृहस्थ कॅलटेकमध्ये अननसाच्या वासावर संशोधन करत होते. ज्याला अननस बाजूला ठेवून धूर हुंगायला लागतो, तो माणूस कुणाची भीडभाड ठेवत नाही. मोटारी आणि तेलशुद्धीकरण कारखान्यांतून सुटणाऱ्या हायड्रोकार्बनवर ऊन पडलं की हवेत हे विष शिजतं, असं त्यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिलं. मोटार कंपन्यांना ते अर्थातच पटलं नाही. पुढे हेही कळलं की मोटारीच्या हायड्रोकार्बनमधला बराच वाटा सायलेन्सरमधून येतच नाही, तो या बारक्या नळीतून येतो. तेव्हा १९६१ च्या मॉडेलांपासून कॅलिफोर्नियात नळीचं तोंड वळवून इंजिनाच्याच नाकात घालण्यात आलं. तुझा धूर, तूच खा.

पेट्रोल इंजिनाने तो निमूट खाल्ला. त्याच्या हवेच्या वाटेवर एक झडप असते, तिच्यामागे ओढ तयार होते, त्या ओढीने ब्रीदरमधला वायू आपसूक आत जातो. डिझेल इंजिनाला अशी झडप लागत नाही. ते पोटभर हवा घेतं आणि डिझेल कमीजास्त करतं. झडप नाही म्हणून ओढ नाही. टर्बो असेल तर त्याच्या तोंडाशी थोडी ओढ मिळते, पण मग ऑइलचं धुकं टर्बोत जातं, तिथून इंटरकूलरमध्ये बसतं आणि चार महिन्यांनी इंटरकूलर उघडला की त्यातून तळणीचं तेल निथळावं तसं ऑइल निथळतं.

आणि त्याहून भयंकर प्रकार पुढे आहे. रिंगा फारच गेल्या असतील आणि ब्रीदर हवेच्या वाटेवर जोडलेला असेल, तर इंजिनाला एक दिवस शोध लागतो की डिझेलवाचूनही आपलं भागतं. चेंबरमधलं ऑइल धुक्याच्या रूपाने वर येतंय, ते पेटतंय, फिरणं वाढतंय, फिरणं वाढलं म्हणून आणखी ऑइल वर येतंय. इंजिन रेस धरतं. शेठ घाईघाईने किल्ली काढून खिशात घालतो. इंजिनाला किल्लीशी काही देणंघेणं उरलेलं नसतं. ते आणखी जोर करतं. आता ते ऑइल संपेपर्यंत किंवा स्वतः फुटेपर्यंत चालणार. गॅरेजातली माणसं अशा वेळी दोन गटांत विभागतात. जाणकार असतो तो हवेच्या तोंडावर फळकूट किंवा ओलं गोणपाट दाबून धरतो. बाकीचे रस्त्यापलीकडे उभे राहून त्याला सूचना देतात.

या सगळ्या कटकटीमुळे अमेरिकन कायद्याने मोठ्या टर्बो डिझेल इंजिनांकडे बरीच वर्षं काणाडोळा केला. मोटारीचा ब्रीदर बंद झाला तरी ट्रकचा उघडाच राहिला. आणि तिथल्या शौकिनांच्या पिकअप ट्रकांचाही.

हा अमेरिकन पिकअप आपल्या ४०७ टेम्पोच्या जातीचा नव्हे. ४०७ संसार चालवतो. पिकअप बऱ्याचदा शनिवारी धुवायला बाहेर काढतात. १९८९ च्या मॉडेलपासून डॉजच्या पिकअपमध्ये कमिन्सचं सहा सिलिंडरचं ५.९ लिटरचं डिझेल इंजिन बसू लागलं आणि त्या नावाचं देवस्थान झालं. पुण्यात कमिन्स म्हटलं की कोथरूडचा कारखाना, नाहीतर कर्वेनगरचं मुलींचं इंजिनिअरिंग कॉलेज डोळ्यांपुढे येतं. किर्लोस्करांबरोबर १९६२ साली इथे आलेली ही कंपनी आपल्याकडे नोकरी, पेन्शन आणि मुलीचं ॲडमिशन या खात्यांत जमा आहे. तिकडे तेच नाव टोपीवर, टी-शर्टवर आणि दंडावर गोंदलेलं असतं. कंपनीचं मुख्यालय इंडियानातल्या कोलंबस गावी. तिथल्या मराठी माणसाला त्यामुळे इंजिनाची दोन्ही रूपं ठाऊक असतात: सोमवार ते शुक्रवार ऑफिसातलं, आणि शनिवारी शेजाऱ्याच्या अंगणातलं.

शेजाऱ्याचं दुखणं आपल्या शेठचंच असतं. या जुन्या इंजिनाचा ब्रीदर पुढच्या अंगाला, पंख्याजवळ उघडतो. त्याचं धुकं रेडिएटरवर बसतं, त्यावर धूळ बसते आणि रेडिएटर आतून स्वच्छ पण बाहेरून लिंपलेला होतो. पुढच्या काही मॉडेलांत कंपनीनेच नळीखाली एक बाटली दिली. म्हणजे आपल्या क्लीनरची तारेने बांधलेली बाटली पार्ट नंबरसकट तिथे पोचली होती. शेजारी बाटली हलवतो, नळी लांब करतो, घराच्या गॅरेजात वास येतो म्हणून बायकोची बोलणी खातो, आणि एका शनिवारी त्याच्याही चेहऱ्यावर उजेड पडतो: एक्झॉस्टला जोडून टाकावी.

त्याच्याकडे पुरावाही असतो. शर्यतीच्या गाड्यांत हे पूर्वीपासून करतात. एक्झॉस्टच्या पाईपात छोटी नळी तिरकी बसवतात, तिचं तोंड वायूच्या वाहत्या दिशेला. वायू वेगाने बाजूने गेला की त्या तोंडापाशी दाब उतरतो आणि चेंबरमधली हवा ओढली जाते. मध्ये एकाच बाजूला उघडणारी एक झडप असते, म्हणजे उलटं काही येऊ नये. शर्यतीत हे झकास चालतं. पण त्या गाडीला सायलेन्सर नसतो, ती पाव मैल धावते, तेही ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून, आणि नंतर तिला ढकलत तंबूत नेतात. आपला ट्रक टोलनाक्याच्या रांगेत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये अर्धं आयुष्य काढतो.

यात काय बिघडतं ते फ्लॅटमध्ये राहणाऱ्या माणसाला लगेच कळेल. दुसऱ्या मजल्यावरच्या माणसाने आपल्या सिंकचा पाईप वरून खाली येणाऱ्या मोठ्या लाइनला परस्पर जोडला. लाइन मोकळी वाहते तोवर सिंक छान निचरतं, तो माणूस येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतो. मग एक दिवस खाली कुठेतरी लाइन तुंबते, वरचे आठ मजले एकदम भांडी घासतात आणि त्या सगळ्यांचं पाणी निवांत जागा शोधत याच्या सिंकमधून वर येतं. त्याच्या आमटीची कढई त्या दिवशी सिंकमध्येच असते.

ब्रीदरचं हेच होतं. चेंबरमधला दाब अगदी किरकोळ असतो, इंजिनिअर तो पाण्याच्या काही इंचांत मोजतात. सायलेन्सरमधला दाब त्याहून सहज जास्त होऊ शकतो. सायलेन्सर जुना असेल, आत जाळ्या कोसळल्या असतील तर विचारायलाच नको. मग धूर उलटा फिरतो. ज्या चेंबरला श्वास घ्यायला बाहेर काढलं, त्यालाच नळीने धूर पाजला जातो. ऑइल काळं पडतं, सील पुन्हा रडू लागतात. झडप आहे ना? आहे. पण तिचा मुक्काम चार-पाचशे अंशांच्या पाईपाच्या तोंडाशी, एका बाजूने काजळी आणि दुसऱ्या बाजूने ऑइल. थोड्याच दिवसांत तिच्यावर कार्बनचा थर चढतो आणि ती अडकते. उघडी अडकली तर धूर आत येतो. बंद अडकली तर तिसऱ्या उपायातली खुंटी परत आली असं समजायचं.

हे सगळं सुरळीत चाललं असं धरून चालू. तरी एक घोटाळा राहतोच. गॅरेजात धुराच्या रंगावरून रोग ओळखतात. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त जातंय, पांढरा म्हणजे पाणी किंवा कच्चं डिझेल, निळा म्हणजे ऑइल जळतंय. ब्रीदर सायलेन्सरला जोडला की तापलेल्या पाईपात ऑइलचं धुकं जातं आणि गाडी बारा महिने निळा धूर सोडते. मग सोलापूरच्या पुढे कुठेतरी एखादा परका मिस्त्री नुसता लांबून बघून सांगतो, "रिंगा गेल्यात." ड्रायव्हर हसून त्याला जोडणीची गंमत समजावतो. मिस्त्री बिचारा वरमतो. आणि खरं बघता रिंगा गेलेल्याच असतात.

पीयूसीची गंमत तर त्याहून वरची. इतकी वर्षं जो धूर वहीबाहेर होता, तो शेठने स्वखर्चाने, वेल्डिंगचे पैसे मोजून वहीत आणलेला असतो. आपल्याकडच्या व्यापारउदिमाच्या इतिहासात असं क्वचितच घडलं असेल. आकडा ६५ च्या पुढे जातो. शेठ गडबडतो, पण मिस्त्री शांत असतो. जुबली क्लिप त्याने उगाच मारलेली नसते. पीयूसीच्या आदल्या दिवशी पाना फिरवायचा, नळी काढून खाली सोडायची, कागद घ्यायचा, परत जोडायची. अशा फेरफाराला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं, पण कलम गाडीच्या खाली वाकून बघत नाही.

आणि आता यातला सगळ्यात मोठा विनोद. तो कायद्याने केलेला आहे.

२००७ पासून अमेरिकेने मोठ्या टर्बो डिझेल इंजिनांनाही लगाम घातला. ब्रीदरचा वायू थेट हवेत सोडायचा नाही. सोडलाच तर चाचणीच्या वेळी तो सायलेन्सरच्या हिशेबात मिळवायचा. आणि त्याच नियमात पुढे असंही लिहून ठेवलं की हा वायू एक्झॉस्टच्या शुद्धीकरण यंत्रणेच्या अलीकडे पाईपात सोडला, तर तो हवेत सोडला असं मानलं जाणार नाही. युरोपच्या सहाव्या पायरीच्या नियमांतही त्याच अर्थाचं वाक्य आहे, आणि १ एप्रिल २०२० पासून पाचवी पायरी गाळून आपण थेट चढलो ते बीएस-६ त्याच वळणाचं. म्हणजे आमच्या मिस्त्रीची चौथी युक्ती सरकारी कागदावर आहे. फक्त त्याच्या युक्तीत नळी आणि आकाश यांच्यामध्ये काही नाही, आणि कायद्याच्या युक्तीत मध्ये गाळणी आहे आणि मीटरही आहे. एकाच जागी पडलेलं भोक. एकाने ते लपवायला पाडलं, दुसऱ्याने मोजायला.

ती गाळणीही लाडाकोडाची असते. काजळी तिच्यात अडकते आणि तापवून जाळता येते. ऑइलचं तसं नाही. त्यातल्या कॅल्शियम, जस्त वगैरेंची राख होते, आणि राख पुन्हा जळत नाही. ती गाळणीत बसून राहते, मुक्काम वाढवते आणि शेवटी गाळणीच बाहेर काढायला लावते. म्हणून आता कंपन्या ब्रीदरच्या वाटेवर आधी ऑइल वेगळं करणारा फिल्टर बसवतात. त्या अमेरिकन पिकअपच्या पुढच्या ६.७ लिटरच्या इंजिनाला असा फिल्टर आला, आणि तो ६७,५०० मैलांना, म्हणजे सुमारे एक लाख आठ हजार किलोमीटरना बदलायला सांगितला. मालकाने किंमत पाहिली आणि काय केलं असेल? फिल्टर काढला, नळी लांब केली आणि तोंड रस्त्याकडे सोडलं. तिकडे हे बेकायदा आहे, तरी तसल्या जोडण्यांचे तयार संच विकले गेले. साठ वर्षं, एक अननसवाला शास्त्रज्ञ आणि कायद्याची इतकी पानं खर्ची घालून नळी होती तिथे परत आली.

नव्या बीएस-६ ट्रकबद्दल जुन्या मिस्त्रीचं मत विचारू नका. त्यात झाकण नाचवून काही कळत नाही, लॅपटॉप जोडावा लागतो. ड्रायव्हरला डिझेलबरोबर युरियाही भरावा लागतो, आणि डॅशबोर्डवर दिवा पेटला की गाडी स्वतःच जोर कमी करते, मालकाला न विचारता. "आधी धूर दिसायचा, आता दिवा दिसतो," मिस्त्री म्हणतो. त्याच्या मते ही प्रगती नसून नुसतं तोंड फिरवणं आहे. इतक्या उपायांनंतर त्याला या विषयात अधिकारवाणीने बोलायचा हक्क आहे.

शेठच्या मुलाने मध्यंतरी इलेक्ट्रिक ट्रकचं माहितीपत्रक आणून त्याला दाखवलं. पिस्टन नाही, रिंगा नाहीत, ऑइलचं चेंबर नाही, सायलेन्सर नाही. मिस्त्रीने ते चष्मा लावून, बोट फिरवत पानोपान पाहिलं. मागच्या ॲक्सलच्या चित्रापाशी त्याचं बोट थांबलं. आत गिअर ऑइल आहे, ते तापणार, आतली हवा फुगणार, म्हणून वर एक छोटा ब्रीदर दिलेला होता. मिस्त्रीने चष्मा काढला.

"ब्रीदर आहे की ओ," तो म्हणाला. "पण सायलेन्सर नाही म्हणता. मग हा जोडायचा कशाला?"